चवथीला येताना फॉर्म १६ घेऊन या



२०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती. बेंगळुरू, पुणे, गोवा, हुबळी, बेळगाव, जिथे जिथे आपली मुलं कामाला आहेत तिथून गाड्या चवथीला जोयड्याकडे वळतात. माटोळी बांधायची, गणपती आणायचा, चार दिवस सगळ्यांनी एकत्र जेवायचं. या चार दिवसांतला एक तास मला द्या. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायची मुदत दरवर्षी ३१ जुलैला संपते. २०२५ मध्ये ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. म्हणजे त्या वर्षी चवथीनंतर हातात १९ दिवस होते. लॅपटॉप तुमच्याकडे असतो आणि घरातले कागद आई-बाबांच्या कपाटात असतात. दोन्ही एका छपराखाली येतात ते याच दिवसांत.

रिटर्नवर लिहा, असं दोन-तीन जणांनी याआधीही सांगितलं होतं. मी टाळत होतो, कारण विषय रुक्ष आहे. पण २०२५ च्या जूनमध्ये घरातच एक प्रकार घडला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भाच्याचा रिफंड

माझा एक भाचा गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात नोकरी करतो. त्याला विचारूनच हे लिहितो आहे, नाव तेवढं देत नाही. २०२४ च्या जुलैत कारखान्यातल्या मुलांमध्ये एका माणसाचा फोन नंबर फिरत होता. "कापलेला सगळा टॅक्स परत आणून देतो, पैसे खात्यात आल्यावर दहा टक्के द्या," एवढंच त्याचं म्हणणं. भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पॅन, आधार आणि फॉर्म १६ पाठवला, आलेला ओटीपी सांगितला आणि विसरून गेला. महिन्याभरात ३५,३६० रुपये खात्यात जमा झाले. साडेतीन हजार त्या माणसाला गेले. उरलेल्यात थोडी भर घालून माझ्या बहिणीने घराची कौलं बदलली. सगळे खूश. मीही त्या वेळी काही विचारलं नाही, ही माझी चूक.

२०२५ च्या जूनमध्ये त्याच्या सोबतच्या एका मुलाला विभागाचा मेसेज आला: तुमच्या रिटर्नमधल्या वजावटी पुन्हा तपासून बघा. भाचा घाबरला. स्वतःचं खातं उघडून बघावं म्हटलं तर उघडेना. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्या माणसाचे होते. त्याचा फोन बंद. शेवटी आधारच्या ओटीपीवर नवा पासवर्ड घेतला आणि रिटर्न उघडलं. तेवढ्यात मला फोन आला.

"मामा, यात मी राजकीय पक्षाला एक लाख चाळीस हजारांची देणगी दिली असं लिहिलंय. मी तर पंचायतीच्या उमेदवाराला कधी चहासुद्धा पाजला नाही."

त्या माणसाने काय केलं ते आकड्यांत बघू, म्हणजे युक्ती कळेल. २०२३-२४ मध्ये भाच्याचा पगार ८ लाख ४० हजार. ५० हजारांची स्टँडर्ड डिडक्शन गेली की राहतात ७ लाख ९० हजार. नव्या पद्धतीत त्या वर्षी पहिल्या तीन लाखांवर कर नव्हता, पुढच्या तीन लाखांवर ५ टक्के म्हणजे १५ हजार आणि उरलेल्या १ लाख ९० हजारांवर १० टक्के म्हणजे १९ हजार. एकूण ३४ हजार, त्यावर ४ टक्के सेस, झाले ३५,३६०. कंपनीने नेमका एवढाच कर कापला होता. म्हणजे देणं-घेणं शून्य. परत मिळण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या माणसाने रिटर्न जुन्या पद्धतीत भरलं. ८०सी कलमाखाली विमा, पीपीएफ वगैरे दाखवून पूर्ण दीड लाख घातले. खरा होता तो फक्त पीएफ. त्यावर ८०जीजीसी खाली पक्षाला देणगी १ लाख ४० हजार. उत्पन्न उतरलं बरोबर ५ लाखांवर. जुन्या पद्धतीत ५ लाखांपर्यंत ८७ए ची सवलत मिळून कर शून्य होतो. झालं, सगळाच्या सगळा कर परत!

पैसे आले, मग चूक कशी?

भाचाही हेच म्हणाला: "पण मामा, सरकारनेच दिले ना पैसे?" मी बँकेत आयुष्य काढलं, तरी बऱ्याच शिकल्या-सवरल्या माणसांचा हाच समज मी पाहिला आहे.

रिटर्नसोबत आपण एकही कागद जोडत नाही. बेंगळुरूच्या केंद्रात संगणक बेरीज-वजाबाकी करतो, कापलेला कर आपल्या पॅनवर जमा आहे का ते बघतो आणि रिफंड पाठवतो. आपण लिहिलं ते खरं आहे असं त्या क्षणी धरून चाललेलं असतं. पडताळणी नंतर होते, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. तेव्हा पावती मागतात. पावती नसेल तर कर भरावा लागतो, व्याज भरावं लागतं, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद कायद्यात आहे. आणि हा दंड पॅन ज्याच्या नावावर आहे त्याला होतो. दहा टक्के घेऊन गेलेल्या माणसाचं नाव त्या रिटर्नवर कुठेच नसतं.

हा प्रकार फक्त वेर्ण्याला नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी याच खोट्या वजावटींसाठी तपासणी केली. त्या वेळी विभागाने सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. हे काम करणारी काही माणसं तात्पुरते ईमेल उघडतात, त्यावर शेकडो रिटर्न भरतात आणि तो ईमेल सोडून देतात, हेही विभागाने सांगितलं. नोटिसा तिथे पडून राहतात, ज्याच्या नावाच्या आहेत त्याला पत्ताच नसतो. भाच्याच्या बाबतीत हेच व्हायचं होतं.

एक गोष्ट मनात येते ती लिहितो. आपला जिल्हा करबंदीच्या लढ्यासाठी ओळखला जातो. १९३० ते ३२ च्या काळात अंकोला, सिद्धापूर भागातल्या शेतकऱ्यांनी इंग्रज सरकारला सारा द्यायला नकार दिला. जमिनी गेल्या, घरातलं सामान जप्त झालं, तरी ते हटले नाहीत. पण त्यांनी "देणार नाही" असं तोंडावर सांगितलं होतं आणि त्याची किंमत स्वतः मोजली होती. न दिलेल्या देणगीची ओळ गुपचूप घालून पैसे आणणं हे त्यातलं नाही. ते आपल्या माणसांना शोभतही नाही.

चूक झाली असेल तर

तुमच्यापैकी कुणाच्या रिटर्नमध्ये असं काही झालं असेल तर लपवू नका. रस्ता आहे. अपडेटेड रिटर्न नावाची सोय आहे, फॉर्मचं नाव आयटीआर-यू. आता ते आकारणी वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. त्यात खरा कर, व्याज आणि त्या दोन्हींवर जादा रक्कम भरायची: पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के. जितका उशीर तितकं महाग. भाच्याला ही सोय ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्क्यांत होती. विभागाने चौकशी सुरू केली की मात्र ही वाट बंद होऊ शकते, म्हणून मेसेजची वाट बघत बसू नका.

भाच्याचा हिशोब आम्ही एका सीएकडे दिला आहे. आले होते त्याहून बरेच जास्त पैसे परत जाणार. कौलं तर घरावर चढली. तो आता महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकतो आहे. "चवथीआधी मोकळा होतो," म्हणाला. पुढच्या वर्षी त्याला घरासाठी कर्ज काढायचं आहे. बँक शेवटच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि ती स्वच्छ असावी लागतात.

आपलं रिटर्न आपण भरायचं

फक्त पगार आणि बँकेचं व्याज एवढंच उत्पन्न असेल तर रिटर्न स्वतः भरणं हे रेल्वेचं तिकीट काढण्यापेक्षा फार अवघड नाही. आधी हे जवळ ठेवा:

- कंपनीचा फॉर्म १६. नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचे.
- पोर्टलवरून उतरवलेले एआयएस आणि २६एएस. एआयएसच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख.
- सगळ्या बँक खात्यांचं वर्षाचं व्याज.
- जुनी पद्धत घेणार असाल तर विमा, पीपीएफ, घरभाडं, गृहकर्ज यांचे खरे कागद.

एआयएस म्हणजे तुमच्याबद्दल सरकारला आधीच काय माहीत आहे त्याची यादी. बँकेने दिलेलं व्याज, विकलेले शेअर्स, मिळालेला डिव्हिडंड, सगळं त्यात असतं. आधी ती वाचा, मग रिटर्न उघडा. बऱ्याच जणांना नोटीस येते ती लबाडीमुळे नाही, विसरलेल्या व्याजामुळे.

पोर्टलवर गेलात की पहिलं काम म्हणजे प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचेच आहेत का ते बघणं. दुसरं, रिफंडसाठीचं बँक खातं व्हॅलिडेट करणं. मग फॉर्म. पगार, एक घर, व्याज आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१. शेअर्स किंवा म्युच्युअल फंड विकून नफा-तोटा असेल तर बहुधा आयटीआर-२. फक्त सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा २०२५ पासून आयटीआर-१ मध्ये चालतो. फ्युचर्स-ऑप्शन्स करत असाल तर तो व्यवसाय धरतात, त्याला आयटीआर-३.

इथे एक गैरसमज दूर करतो. "आता बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना?" असं सगळे विचारतात. ते १ एप्रिल २०२५ नंतरच्या उत्पन्नाला. २०२५ मध्ये भरलं ते २०२४-२५ चं रिटर्न होतं. त्यात नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत कर शून्य होत होता. पगारदाराला ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन धरून ७ लाख ७५ हजारांपर्यंत.

नवी पद्धत आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर ती मुदतीच्या आत निवडावी लागते. मुदतीनंतर भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी पद्धत मिळत नाही. शिवाय ५ हजारांपर्यंत उशिराची फी लागते, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजारापर्यंत. दोन्ही पद्धतींचा कर पोर्टलच दाखवतो, कमी असेल ती घ्या.

शेवटचं काम ई-व्हेरिफिकेशन. रिटर्न सबमिट करून ३० दिवसांत ते झालं नाही तर भरलेलं भरल्यासारखं राहत नाही. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आपल्याकडे रेंज कुठल्या वळणावर मिळते ते सगळ्यांना पाठ आहे. ओटीपी १५ मिनिटं टिकतो, तेवढ्यात चढण चढून या! गंमत सोडा, पण बाबांचा जुना नंबर आधारला असेल आणि तो बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्या. नाहीतर सही केलेली पावती, म्हणजे आयटीआर-व्ही, स्पीड पोस्टाने बेंगळुरूला पाठवायचा मार्ग आहेच.

आता घरचे कागद

तुमचं झालं की बाबांच्या फायलीकडे वळा. आपल्या तालुक्यात घरोघरी उत्पन्नाची सरमिसळ असते, त्यामुळे नेहमीचे तीन प्रश्न सांगतो.

पहिला, सुपारी-नारळ-भाताचा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. सुपारी सोलून वाळवून विकली तरी ती शेतीच, कारण बाजारात न्यायला तेवढं करावंच लागतं. परसात लावलेली कंदमुळं जोयड्याच्या कंदमेळ्यात विकलीत तर तीही शेतीच. पण रिटर्न भरत असाल तर हे उत्पन्न दाखवावं लागतं. ते वर्षाला ५ हजारांहून जास्त असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर शेतीचा आकडा कराचा दर ठरवताना धरतात. शेतीवर कर नाही, पण तिच्यामुळे पगारावरचा कर थोडा वाढू शकतो. नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर बाग असेल तर हे लक्षात ठेवा.

दुसरा, होमस्टेचा. बागेतच खोल्या बांधल्या, जेवणही बागेतल्या केळीच्या पानावर वाढलं, तरी पाहुण्यांकडून घेतलेले पैसे शेतीचे नाहीत. तो व्यवसाय आहे. छोट्या व्यवसायाला ४४एडी कलमाची सोय आहे: जमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के. सहा लाख जमा, सगळी यूपीआयवर, तर किमान ३६ हजार नफा. याला साधा फॉर्म आयटीआर-४ आहे, पण सोबत सुपारीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर तो चालत नाही, आयटीआर-३ लागतो. आपल्याकडे होमस्टेवाल्यांची बागही असतेच, म्हणून या घरांनी एकदा चांगल्या सीएकडे जावं. गणेशगुडीला राफ्टिंगवर जाणाऱ्या आणि कंत्राटावर पैसे घेणाऱ्या मुलांनीही २६एएस बघावा. टीडीएस कापला असेल आणि उत्पन्न कमी असेल तर तो तुमचाच पैसा आहे, आणि तो रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही.

तिसरा, एफडीचा. सुपारीचे पैसे, विम्याचे पैसे, सगळं आपण बँकेत ठेवतो. २०२४-२५ मध्ये एका बँकेतलं व्याज ४० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस होता. ज्येष्ठांना ही मर्यादा ५० हजारांची होती. पॅन दिला नसेल तर २० टक्के. आईच्या नावावर ६० हजार व्याज आणि दुसरं काही उत्पन्न नाही, तर ६ हजार कापले जात. तिला कर लागतच नाही, पण "आमाला कसलं रिटर्न" म्हणून ते पैसे वर्षानुवर्षं तसेच राहतात. हा खरा रिफंड. तो मागायला कसलीही लबाडी लागत नाही, फक्त आयटीआर-१ लागतो. एप्रिलमध्ये बँकेत त्यासाठीचा फॉर्म दिला की कापणंच थांबतं. एप्रिल २०२५ पासून या मर्यादाही वाढून ५० हजार आणि ज्येष्ठांना १ लाख झाल्या आहेत.

जाता जाता

सीएकडे किंवा रिटर्न भरून देणाऱ्याकडे जायला माझा विरोध नाही. चांगली माणसं आहेत आणि अवघड हिशोब त्यांच्याकडेच द्यावा. फक्त चार नियम पाळा. मोबाइल-ईमेल आपलाच. फी ठरलेली, रिफंडच्या टक्क्यांत नाही. सबमिट करण्याआधी पूर्ण रिटर्न वाचायचं. आणि ओटीपी वाचून झाल्यावरच सांगायचा, कारण तो ओटीपी म्हणजे तुमची सही. "रिफंड मंजूर, इथे क्लिक करा" अशा लिंकवर तर बोटही लावू नका.

आपल्या आजा-आज्यांनी अंगठा उठवताना "काय लिहिलंय ते वाचून दाखव रे" म्हणून शाळेतल्या पोराला बसवलं. तुम्ही तर शिकलेले आहात, निदान स्वतःचं तरी वाचा. आणि चवथीला आई-बाबांचंही वाचून दाखवा.

पुढच्या महिन्यात पहाणी पत्रकावरच्या नावांबद्दल बोलू. आजोबांच्या नावावरच राहिलेल्या जमिनीचे प्रश्न तुमच्याकडे असतील तर चवथीत घरी विचारून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!